घरपट्टीवर हरकत : हक्क आणि जबाबदारी

शहाड आणि टिटवाळा यांच्या मधले आंबिवली हे कल्याण-कसारा मार्गावरचे स्थानक. त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी गावठाणे आहेत, बैठ्या चाळी आहेत, मोहोन्याला एनआरसी कंपनीच्या आधाराने वाढलेली वस्ती आहे आणि गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीही आहेत. राहणीमान वेगळे, कागदपत्रे वेगळी, पण कल्याण-डोंबिवली महापालिकेचे मालमत्ता कराचे बिल या सगळ्यांच्या दारात येते. त्यानंतर लोक साधारण तीनच गोष्टी करतात. काही जण कुरकुरत भरतात. काही जण ओळखीच्या कार्यकर्त्याला गाठून ‘काही कमी होते का बघा’ म्हणतात. उरलेले बिल कपाटात ठेवून, थकबाकीवरची शास्ती माफ करणाऱ्या अभय योजनेची वाट पाहतात. चौथा मार्ग कायद्यानेच दिला आहे. आकारणी चुकली असे वाटत असेल, तर ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्यायची, सुनावणीला जायचे आणि निर्णय लेखी मागायचा. या मार्गाने जाणारे फार थोडे.

मुदतीत हरकत घेणारा माणूस कर बुडवणाऱ्यांच्या रांगेतला नसतो. शहराच्या हिशेबाची फुकट तपासणी करून देणारा तो माणूस असतो, असे मला ठामपणे वाटते. जो महापालिकेला ‘माझ्या घराचे क्षेत्रफळ चुकीचे लिहिले आहे, येऊन मोजा’ असे सांगतो, तो शहराची नोंदवही सुधारतो. ही गोष्ट कर विभागाने मानली पाहिजे आणि नागरिकांनीही. पण हरकत कशावर घ्यायची, कुठे घ्यायची आणि कोणत्या तयारीने घ्यायची, याची समज नसेल तर तिचे तक्रारीत रूपांतर होते. मग तक्रारीचे आंदोलन होते आणि आंदोलनातून सवलतीची घोषणा निघते. या सगळ्यात मूळ चूक मात्र वहीत तशीच राहते.

घरपट्टीच्या बिलात प्रत्यक्षात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र बांधलेले असतात. माझ्या घराचे मूल्य बरोबर धरले का, हा पहिला. त्या मूल्यावर किती टक्के कर लावायचा, हा दुसरा. आणि त्या बदल्यात मला पाणी, गटार, रस्ता, दिवे मिळतात का, हा तिसरा. या तिन्हींची दारे वेगळी आहेत. मूल्याची दाद आयुक्तांकडे हरकत नोंदवून आणि पुढे न्यायालयात मागायची असते. दर महापालिकेच्या सभागृहात ठरतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ९९ नुसार पुढच्या वर्षाच्या करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत निश्चित करायचे असतात. सेवेचा जाब प्रभाग कार्यालयात, मतपेटीतून आणि गरज पडल्यास जनहित याचिकेतून विचारायचा असतो. आपण या तीन प्रश्नांची गल्लत करतो. पाणी येत नाही म्हणून मूल्य कमी करा, असा अर्ज देतो. तो फेटाळला जातो आणि ‘हरकत घेऊन काही होत नाही’ असा समज पक्का होतो.

म्हणून आधी मूल्य कसे ठरते ते पाहू. ज्या महापालिकांत भांडवली मूल्याची पद्धत स्वीकारलेली नाही, तिथे करयोग्य मूल्य हा आकारणीचा पाया असतो. हे घर वर्षभर भाड्याने दिले तर वाजवीपणे किती भाडे येईल, याचा अंदाज करायचा, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे आणि उरेल ते करयोग्य मूल्य. व्यवहारात महापालिका विभाग, बांधकामाचा प्रकार आणि वापर पाहून चौरस फुटाला किंवा चौरस मीटरला दर लावते. म्हणजे मूल्य चार गोष्टींवर उभे असते : क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर आणि विभाग. यातली एकही चुकली, तर पुढचे सगळे गणित चुकते आणि दरवर्षी चुकत राहते.

समजण्यापुरते मानलेले आकडे घेऊ. घर ४५० चौरस फुटांचे आहे, महिन्याला चौरस फुटामागे २ रुपये भाडे धरले आणि सर्व कर मिळून ७० टक्के आहेत, असे समजा. वार्षिक भाडे १०,८०० रुपये. १० टक्के वजा केल्यावर करयोग्य मूल्य ९,७२० आणि कर ६,८०४ रुपये. आता मोजणी करणाऱ्याने चटई क्षेत्राऐवजी बांधीव क्षेत्र लिहिले आणि वहीत ४५० च्या जागी ५४० नोंदले गेले. वार्षिक भाडे १२,९६० होते, करयोग्य मूल्य ११,६६४ आणि कर जवळपास ८,१६५ रुपये. फरक वर्षाला सुमारे १,३६० रुपयांचा. एका वर्षापुरता तो सोसता येतो. वीस वर्षांत तो २७,००० रुपयांच्या पुढे जातो, आणि एकाच आराखड्याच्या शंभर घरांची इमारत असेल तर एका चुकीच्या मोजमापाने शंभर कुटुंबांकडून ही रक्कम वसूल होते. चूक उलट दिशेने झाली, तर तेवढेच पैसे महापालिका गमावते. म्हणूनच मोजणी बरोबर असणे ही दोन्ही बाजूंची गरज आहे.

कायद्याने ही गरज ओळखली आहे. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या अनुसूची ‘ड’ मध्ये कर आकारणीचे नियम आहेत. आकारणीची वही तयार झाल्यावर जाहीर सूचना द्यावी लागते, वही पाहण्यासाठी खुली ठेवावी लागते आणि हरकतींसाठी किमान पंधरा दिवसांची मुदत द्यावी लागते. एखादी मालमत्ता पहिल्यांदाच नोंदवली असेल किंवा तिचे मूल्य वाढवले असेल, तर मालकाला स्वतंत्र विशेष नोटीस द्यावी लागते. हरकत लेखी असावी आणि तिच्यात कारणे असावीत. ती नोंदवून घ्यायची, सुनावणीची तारीख कळवायची, म्हणणे ऐकायचे आणि निर्णय वहीत उतरवायचा, ही आयुक्तांची जबाबदारी आहे. निर्णय पटला नाही, तर कलम ४०६ नुसार न्यायाधीशांकडे अपील करता येते. त्याच्या अटी कडक आहेत : पंधरा दिवसांची मुदत, आधी आयुक्तांकडे हरकत घेतलेली असणे आणि मागणीची रक्कम भरलेली असणे.

ही शेवटची अट अनेकांना अन्यायाची वाटते. ‘चूक त्यांची आणि पैसे आधी आम्ही भरायचे?’ हा सवाल रास्त आहे. मोठ्या रकमेच्या वादात सामान्य माणसाला ती अट अपिलापासून दूर ठेवते, हेही खरे. पण राहत्या घराच्या लहान रकमांच्या बाबतीत मला तिच्यात एक शिस्त दिसते. हरकत चालू असतानाही कचरा उचलावाच लागतो, जलशुद्धीकरण केंद्राचे पंप चालवावेच लागतात. वाद मूल्याचा आहे, शहरात राहण्याच्या खर्चातला वाटा उचलण्याचा नाही, हे भरणाऱ्याच्या पावतीने सिद्ध होते. शिवाय थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते. न भरता भांडणारा माणूस हरकत जिंकला तरी शास्तीत हरू शकतो. भरा आणि भांडा, हाच व्यवहारी सल्ला आहे आणि नैतिकदृष्ट्याही तोच बळकट आहे.

आकारणीला आव्हान देण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. कंपनी सरकारच्या काळात, १८२० च्या दशकाच्या अखेरीस, पुणे भागात प्रिंगल या अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी आणि आकारणी केली. निव्वळ उत्पन्नाच्या सिद्धांतावर बसवलेली ती आकारणी कागदावर काटेकोर होती, पण मोजमापे सदोष होती आणि हाताखालच्या अंमलदारांचा भ्रष्टाचार त्यात मिसळला होता. शेते ओस पडू लागली. अखेर १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने पाहणी सुरू केली आणि तीस वर्षांच्या मुदतीची, हलकी आकारणी आली. पुढे मुदत संपल्यावर १८६० च्या दशकात फेरआकारणी झाली, तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे आणि धान्याचे भाव चढलेले होते. त्या तात्पुरत्या भरभराटीवर सारा वाढवला गेला. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने या वाढीविरुद्ध माहिती गोळा केली, चौकशा केल्या, अर्ज केले. १८७४ मध्ये सरकारला वाढीवर मर्यादा घालाव्या लागल्या.

त्याच दशकात आणखी एक गोष्ट घडली, ती आज फारशी आठवली जात नाही. १८७६ च्या मुंबई महसूल अधिकारिता कायद्याने जमीन महसुलाच्या आकारणीविषयीचे दावे ऐकण्याचा दिवाणी न्यायालयांचा अधिकार काढून घेतला. आकारणी चुकली आहे, हे न्यायाधीशासमोर सांगण्याचा रस्ता रयतेला बंद झाला. उरला तो अर्जाचा आणि नकाराचा रस्ता. बारडोलीच्या १९२८ च्या सत्याग्रहाकडे या नजरेने पाहिले की त्याचा गाभा स्पष्ट होतो. सरकारने सारा २२ टक्क्यांनी वाढवला होता. शेतकऱ्यांची मुख्य मागणी निःपक्ष चौकशीची होती. अखेर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांची चौकशी झाली आणि सुमारे ६ टक्क्यांहून अधिक वाढ समर्थनीय नाही, असा निष्कर्ष निघाला. जमिनी जप्त झाल्या, गुरे ओढून नेली गेली, तेव्हा कुठे एका आकारणीची फेरतपासणी झाली. आज आपल्याला तीच फेरतपासणी एका साध्या अर्जाने मागता येते. ज्या हक्कासाठी आधीच्या पिढ्यांनी इतके सोसले, तो आपण पंधरा दिवस आळसात घालवून गमावतो, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

या भूमिकेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप महापालिकेच्या तिजोरीचा आहे. एकेकाळी जकात हा शहरांचा मोठा आधार होता. जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळले गेले आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आल्यावर तो प्रकारच संपला. आता महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळते, पण स्वतःच्या हाताने लावायचा आणि वसूल करायचा मोठा कर एकच उरला आहे, मालमत्ता कर. कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरात, जिथे उद्योग मागे हटले आणि घरे वाढली, तिथे तर शहराचा संसार घरपट्टीवरच चालतो. अशा वेळी प्रत्येकाने हरकत घेतली तर शहर चालायचे कसे?

हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे : हरकतीने कर कमीच होतो. प्रामाणिक हरकत दोन्ही दिशांनी काम करते. माझे क्षेत्रफळ ५४० नसून ४५० आहे, हे सिद्ध करायला मी आकारणीची वही मागितली, तर त्याच वहीत शेजारच्या इमारतीचा वाढवलेला मजला नोंदलेलाच नाही, गाळ्याची आकारणी अजून घर म्हणून चालू आहे, हेही दिसते. शहराचा महसूल बुडतो तो मुख्यतः नोंद न झालेल्या, चुकीच्या वापराखाली नोंदलेल्या आणि वर्षानुवर्षे वसूल न झालेल्या मालमत्तांमुळे. वाण्याच्या तराजूकडे गिऱ्हाईक बघत असले की वजन सरळ राहते. करवहीचेही तसेच आहे. ज्या वहीकडे हजारो डोळे लागलेले असतात, तिच्यात ना जास्तीची नोंद टिकते ना कमीची.

तिजोरीची काळजी खरोखर असेल, तर बोट अभय योजनांकडे दाखवायला हवे. थकबाकीवरची शास्ती मोठ्या प्रमाणात माफ करून मूळ रक्कम भरायला सांगणाऱ्या या योजना राज्यातल्या अनेक महापालिका पुनःपुन्हा आणतात. कल्याण-डोंबिवलीही त्याला अपवाद नाही. तत्काळ पैसे जमा होतात, हे खरे. पण ज्याने वेळेवर भरले, त्याला त्यातून काय मिळते? ज्याने हरकत घेतली, पैसेही भरले, सुनावणीला रजा टाकून गेला, त्याला काय मिळते? पुढची योजना येणारच आहे, हा धडा मात्र सगळ्यांना मिळतो. आजार, नोकरी जाणे, घरातल्या कमावत्या माणसाचा मृत्यू अशा कारणांनी थकलेल्या कुटुंबाला हप्ते आणि सूट जरूर द्यावी, पण ती व्यक्तीची परिस्थिती पाहून द्यावी. सरसकट माफी ही चुकीच्या आकारणीवरचे औषध होऊ शकत नाही. आकारणी चुकली असेल तर ती दुरुस्त करा. बरोबर असेल तर वसूल करा.

आता दुसऱ्या दाराकडे, म्हणजे दरांकडे पाहू. नाशिकमध्ये २०१८ साली आयुक्त तुकाराम मुंढे यांनी करयोग्य मूल्याचे दर मोठ्या प्रमाणात वाढवले आणि मोकळ्या जमिनीही आकारणीत ओढल्या. शहर पेटून उठले. महासभेत विरोध झाला, शेतकरी आणि नागरिक रस्त्यावर आले, आयुक्तांवर अविश्वास ठरावाची तयारी झाली आणि वाढीत कपात करावी लागली. इथे एकेका घराची हरकत पुरेशी नव्हती, कारण दर संपूर्ण शहराचा होता. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घरांना १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत बंद झाली आणि २०२३ मध्ये ती पुन्हा लागू झाली, तेव्हा लोकांना पीटी-३ अर्जासोबत आपण त्या घरात राहतो याचे पुरावे द्यावे लागले. हे दोन्ही लढे धोरणाचे होते आणि धोरणाच्या लढ्याला सभागृह लागते.

नेमके इथेच कल्याण-डोंबिवलीचे मोठे नुकसान झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. दर, शुल्क, सवलती यांवर निवडून आलेल्या माणसांनी उघड चर्चा करायची असते, मते नोंदवायची असतात. ती जागाच रिकामी राहिली. प्रशासक कितीही कार्यक्षम असला तरी त्याला नागरिकांपुढे मतांसाठी उभे राहायचे नसते. कर लावणारा आणि कर भरणारा यांच्यातला लोकशाही दुवा इतका काळ तुटलेला असणे, ही कोणत्याही शहरासाठी गंभीर बाब आहे. त्या काळात मूल्यावरची व्यक्तिगत हरकत हे एकच दार उघडे होते आणि आपण ते पुरेसे वापरले नाही.

मुंबईच्या अनुभवातून आणखी एक बाजू कळते. तिथे २०१० पासून भांडवली मूल्यावर कर सुरू झाला. त्या नियमांना मालमत्ताधारकांनी न्यायालयात आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवत काही नियम रद्द ठरवले. जमिनीवर पुढे कधीतरी किती बांधता येईल, या शक्यतेवर आज कर लावता येणार नाही. जे आहे त्याचेच मूल्य धरावे लागेल, हे त्या निकालाचे सार. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचीही पद्धत चुकू शकते आणि नागरिक ती दुरुस्त करून घेऊ शकतात. संविधानाच्या अनुच्छेद २६५ मध्ये कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येणार नाही असे म्हटले आहे. त्या वाक्याला जिवंत ठेवतात ते असे हरकतदार.

पण मुंबईच्या त्या लढ्यात बड्या मालमत्ताधारकांच्या संघटना होत्या, नामवंत वकील होते. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा प्रश्न इथून सुरू होतो : हरकत घेते कोण? अमेरिकेतल्या शिकागो शहराचा समावेश असलेल्या कुक काउंटीमध्ये २०१७ साली ‘शिकागो ट्रिब्यून’ने आकारणीचा मोठा शोध घेतला. शिकागो विद्यापीठातले प्राध्यापक क्रिस्टोफर बेरी यांच्या अभ्यासानेही तेच दाखवले. स्वस्त घरांचे मूल्य प्रमाणाबाहेर जास्त धरले जात होते आणि महागड्या घरांचे कमी. हरकतींमुळे ही विषमता आणखी वाढत होती, कारण वकील लावून हरकत घेणारे बहुतांश सधन वस्त्यांतले होते. तिथला निवडून आलेला आकारणी अधिकारी मार्च २०१८ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत हरला. हरकतीचा हक्क सर्वांना समान मिळाला तरी तो वापरण्याची ताकद समान नसते. ज्यांना वेळ, कागद आणि सल्लागार परवडतात त्यांचाच कर कमी होत गेला, तर त्याचा भार गप्प बसणाऱ्यांवर पडतो.

आंबिवलीत गप्प बसणारे कोण आहेत, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. पहाटेची लोकल पकडून रात्री परतणारा माणूस कार्यालयीन वेळेत सुनावणीला कधी जाणार? चाळीतल्या खोलीचे कागद स्टॅम्पपेपरवरच्या करारापुरते असतात. मंजूर नकाशा नसतो, भोगवटा प्रमाणपत्र नसते. आपण हरकत घेतली तर उलट आपलीच चौकशी होईल, ही भीती खरी आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ नुसार अनधिकृत बांधकामाला मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावता येते आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या, बनावट परवानग्यांच्या आधारे उभ्या राहिलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा आयुष्यभराची कमाई घालून घर घेतलेल्या लोकांना या सगळ्याचा अर्थ एकदम कळला. घरपट्टीची पावती म्हणजे घर अधिकृत असल्याचा पुरावा, हा समज अजूनही फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. आणि म्हणूनच बांधकामाच्या कायदेशीरपणाचा प्रश्न आणि मोजमापाचा प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. अनधिकृत घरात राहणाऱ्या माणसाकडून कर घेता, तर त्याच्या खोलीचे क्षेत्रफळ तरी बरोबर लिहा, एवढे म्हणण्याचा हक्क त्यालाही आहे.

आंबिवलीच्या शेजारी मोहोन्यात याच विषमतेचे दुसरे टोक आहे. एनआरसी कंपनीला २००९ मध्ये टाळे लागले. हजारो कामगार आपल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे लढत राहिले आणि कंपनीची मालमत्ता पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अदानी समूहाकडे गेली. अशा प्रक्रियेविषयी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये एका वेगळ्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की मंजूर झालेल्या निराकरण आराखड्यात ज्या देण्यांचा समावेश नाही, ती स्थानिक संस्थांची असली तरी संपुष्टात येतात. उद्योग पुन्हा उभा राहावा यासाठी तो नियम असेल. त्यामागचे तर्क मी नाकारत नाही. पण चाळीतल्या खोलीच्या थकबाकीला अशी पाटी कोरी करण्याची सोय नाही. तिच्यावर महिन्याला २ टक्के चढतच राहतात. मोठ्यांसाठी न्यायाधिकरणे, लहानांसाठी जप्तीची नोटीस, अशी स्थिती असताना लहानांच्या हाती असलेले एकमेव साधन, मुदतीतली हरकत, तरी सोपे आणि विश्वासार्ह असले पाहिजे.

ते कसे होईल? महापालिकेकडे माझ्या काही ठोस मागण्या आहेत. बिलासोबत आकारणीचा तक्ता द्यावा : क्षेत्रफळ किती धरले, कोणत्या मोजणीवरून, बांधकामाचा प्रकार कोणता, वापर कोणता, दर किती. आज बहुतेकांना बिलावर करांची नावे आणि रकमा दिसतात, पण त्या कोणत्या मोजमापावर उभ्या आहेत ते कळत नाही. इमारतनिहाय आकारणीची यादी संकेतस्थळावर खुली असावी, म्हणजे एकाच मजल्यावरची दोन सारखी घरे वेगळ्या मूल्याची का, हे विचारता येईल. हरकतीचा अर्ज एका पानाचा, सोप्या मराठीत असावा. सुनावण्या प्रभाग कार्यालयात, रविवारीही घ्याव्यात. निर्णय कारणांसह लेखी द्यावा. ‘फेटाळण्यात येत आहे’ एवढ्या तीन शब्दांवर कोणाचे समाधान होत नाही. किती हरकती आल्या, किती मान्य झाल्या, कोणत्या भागातून आल्या, हे दरवर्षी जाहीर करावे. एखाद्या वस्तीतून एकही हरकत आली नसेल, तर तिथली आकारणी अचूक आहे असे न मानता तिथे शिबिर घ्यावे.

जून २०१५ मध्ये महापालिकेत आलेल्या २७ गावांचा घरपट्टीचा असंतोष हीच पारदर्शकता नसल्याने चिघळला. ग्रामपंचायतीची घरपट्टी भरणाऱ्या माणसाला शहराचे बिल आले, तेव्हा वाढ मूल्यामुळे झाली, दरामुळे झाली की नव्या करांमुळे, हे त्याला कोणी समजावून सांगितले नाही. पाणी आणि रस्ते तर आधीसारखेच होते. तीनही प्रश्न एकाच वेळी अंगावर आले आणि त्यांचे उत्तर आजवर राजकीय आश्वासनांत शोधले जात आहे. आंबिवली, वडवली, अटाळीसारख्या जुन्या गावांनी शहरात येऊन अनेक वर्षे झाली, तरी तिथल्या जुन्या घरांच्या नोंदींबद्दल हेच प्रश्न विचारण्यासारखे आहेत.

जबाबदारी आपल्यावरही आहे. घर भाड्याने दिले असताना स्वतः राहतो असे सांगायचे, गाळ्यात दुकान चालवून निवासी दराने कर भरायचा, माळ्यावर खोली चढवून गप्प बसायचे आणि मग बिल जास्त आले म्हणून ओरडायचे, हे चालणार नाही. अनेक महापालिकांत भाड्याच्या घराची आकारणी प्रत्यक्ष भाड्यावरून होते. ती जास्त असते, हे मान्य. तो नियम पटत नसेल तर दुसऱ्या दाराने, सभागृहातून, तो बदलायला लावा. करार लपवणे हा त्यावरचा उपाय नाही. खोट्या नोंदीच्या आधाराने घेतलेली हरकत सगळ्या खऱ्या हरकतींचे वजन कमी करते. गृहनिर्माण संस्थांनी या कामात पुढे यायला हवे. एका इमारतीतली सगळी घरे एकाच आराखड्याची असतात. संस्थेने एकदा मंजूर नकाशा मिळवून मोजमापे तपासली आणि सर्वांच्या वतीने कागद तयार केले, तर शंभर कुटुंबांचे काम एका बैठकीत होते. चाळींमध्ये हे काम शिकलेल्या मुलामुलींनी करावे. टेप घेऊन खोली मोजायला वकील लागत नाही.

कर हा नागरिक आणि शहर यांच्यातला सर्वांत स्पष्ट करार आहे. त्यात एका बाजूने आकडा लिहायचा आणि दुसऱ्या बाजूने तो न वाचता भरायचा किंवा न वाचता टाळायचा, अशाने करार टिकत नाही. जो वाचतो, मोजतो, विचारतो, भरतो आणि पुन्हा विचारतो, तोच शहराला जाब विचारण्याच्या जागी उभा राहू शकतो. ‘माझी आकारणी मी तपासली आहे, माझा कर मी भरला आहे, आता माझ्या नळाला पाणी का नाही ते सांगा’ या वाक्यात जी ताकद आहे, ती कोणत्याही मोर्चाच्या घोषणेत नाही.

म्हणून आंबिवलीतल्या, कल्याण-डोंबिवलीतल्या आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरातल्या वाचकाला विनंती आहे. पुढचे बिल किंवा विशेष नोटीस आली की तिच्यावरची तारीख आधी वाचा. क्षेत्रफळ, वापर आणि प्रकार तपासा. चुकले असेल तर मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या, सुनावणीला जा. त्याच वेळी कर भरा आणि पावती जपून ठेवा. आणि शेजारच्या ज्या घरात हे वाचता-लिहिता येणारे कोणी नाही, त्यांचाही अर्ज लिहून द्या.